विस्तव कोणाचा?

दोन घरांतले वैर पराकोटीला पोहोचले की मराठी माणूस म्हणतो, ‘त्यांच्यात विस्तवही जात नाही.’ हा वाक्प्रचार आपण आज सहज वापरतो. त्यामागचे चित्र मात्र पुसट झाले आहे. आगपेटी घरोघरी पोहोचण्यापूर्वी चुलीतला निखारा रात्री राखेखाली झाकून ठेवीत. पहाटे तो विझलेला आढळला, तर घरातली बाई गोवरीचा तुकडा किंवा खापर घेऊन शेजारणीच्या दारी जाई आणि विस्तव मागून आणी. गावात विस्तवाची ही ये-जा रोजचीच होती. ती ज्या दोन घरांत थांबली, त्यांच्यातला शेवटचा धागाही तुटला, असे समजले जाई.

या वाक्प्रचारात आणखीही एक गोष्ट दडलेली आहे. पसाभर तांदूळ दिले, तर देणाऱ्याच्या मडक्यातले तेवढे कमी होतात. कळशीभर पाणी दिले, तर पुन्हा विहिरीची वाट चालावी लागते. निखारा दिल्याने मात्र चूल उणी होत नाही. धान्य नाकारणाऱ्याला गरिबीची सबब सांगता येते. विस्तव नाकारणाऱ्याला कोणतीच सबब नसते. वैराचे अखेरचे टोक दाखविण्यासाठी आपल्या पूर्वजांनी नेमका विस्तव निवडला, तो याच कारणाने असावा.

माणसाच्या हाती विस्तव कसा आला, हा पुराणवस्तुसंशोधकांचा प्रश्न आहे. तो विस्तव कोणाचा, हा नीतीचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर नीट पाहिले, तर दुसऱ्याचे उत्तर त्यात बरेचसे सापडते, असे आम्हांला वाटते. हे उत्तर पडताळून पाहण्यासाठी आम्ही ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांकडे वळणार आहोत. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या घाटापर्यंत पसरलेल्या या मुलखात विस्तवाची अनेक युगे आजही शेजारी शेजारी नांदतात. ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्यांवर तीन दगडांची चूल आहे, शेतात राब आहे, डोंगरात वणवा आहे आणि रस्त्याकडेला वीटभट्टी आहे.

चोरी की ठेव?

ग्रीकांच्या कथेत प्रोमेथियसने देवांचा अग्नी चोरला आणि बडीशेपेच्या जातीच्या एका पोकळ दांड्यात लपवून तो माणसांना आणून दिला. या चोरीपायी त्याला कड्याला जखडण्यात आले. वेदांतल्या कथेत मातरिश्वा स्वर्गातून अग्नी आणतो आणि भृगूंच्या स्वाधीन करतो. या दोन्ही कथांत विस्तव ‘केला’ जात नाही, तो ‘आणला’ जातो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रोमेथियसचा तो दांडाही काल्पनिक नव्हे. आतला भेंड धुमसत राहतो आणि बाहेरची साल शाबूत राहते, अशा दांड्यातून विस्तव वाहून नेण्याची रीत भूमध्य सागराकाठच्या लोकांना ठाऊक होती. चोरीच्या कथेतसुद्धा विस्तव राखणाऱ्यांची जुनी आठवण शिल्लक राहिली आहे.

संशोधनाने जे चित्र उभे केले आहे ते या आठवणीशी जुळते. विस्तवाशी माणसाचे नाते तीन पायऱ्यांनी वाढले, असे अभ्यासक मानतात. पहिली पायरी निसर्गात लागलेल्या आगीचा लाभ घेण्याची, दुसरी तो विस्तव राखण्याची आणि तिसरी तो स्वतः निर्माण करण्याची.

पहिली पायरी फारशी अनोळखी नाही. गवताला आग लागली की कोतवाल पक्षी आणि घारी तिच्या कडेने घिरट्या घालतात. ज्वाळांपुढे पळणारे किडे व सरडे त्यांना आयते मिळतात. सेनेगल देशातील फोंगोली येथील चिंपांझी वणवा पाहून बिथरत नाहीत, त्याचा रोख ओळखून शांतपणे बाजूला होतात, असे निरीक्षण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आपले अतिप्राचीन पूर्वजही जळून गेलेल्या रानात असेच हिंडले असतील. भाजलेला कंद कच्च्या कंदापेक्षा मऊ लागतो, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या पायरीचे पुरावे अधिक बोलके आहेत. दक्षिण आफ्रिकेत ‘वोंडरवेर्क’ म्हणजे ‘चमत्कार’ या नावाची एक गुहा आहे. तिच्या तोंडापासून सुमारे ३० मीटर आत, सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या थरात, जळलेल्या हाडांचे कण आणि वनस्पतींची राख आढळली. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. वीज गुहेत इतक्या आत पडत नाही. विस्तव तेथे कोणीतरी नेला असला पाहिजे. इस्राएलमध्ये यार्देन नदीच्या काठी, गालील सरोवराच्या उत्तरेस थोड्या अंतरावर, ‘याकोबाच्या कन्यांचा पूल’ अशा अर्थाच्या नावाचे एक स्थळ आहे. तेथे सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीच्या जळक्या बिया, लाकडे आणि गारेच्या कपच्या ठरावीक जागी एकवटलेल्या सापडल्या. २०२२ मध्ये तेथील माशांच्या दातांचा अभ्यास झाला आणि ते मासे आगीवर शिजविले गेले होते, असा निष्कर्ष निघाला.

या शोधांच्या इतिहासात नम्रतेचा एक धडाही आहे. चीनमधील झौकौदियन येथील गुहांत ‘पीकिंग मानवा’चे अवशेष सापडले. त्या संशोधनात येशूसंघीय धर्मगुरू तेयार द शार्दें यांचा मोठा वाटा होता. १९३१ मध्ये तेथे आगीचे पुरावे जाहीर झाले आणि पुढे कित्येक दशके पाठ्यपुस्तके या गुहेकडे माणसाची पहिली चूल म्हणून बोट दाखवीत राहिली. १९९८ मध्ये केलेल्या फेरतपासणीत राखेचे मानलेले थर पाण्याने वाहून आणलेल्या गाळाचे निघाले. त्यानंतर पुन्हा काही अभ्यासकांनी आगीच्या बाजूने पुरावे मांडले. सत्याचा शोध घेणाऱ्याने आपले उत्तर हातात घट्ट धरून बसू नये, हे विज्ञान आणि श्रद्धा दोघांनाही लागू आहे.

तिसरी पायरी बरीच उशिरा आली. इंग्लंडच्या सफक परगण्यातील बार्नहॅम येथे सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी माणसाने विस्तव स्वतः पाडला असावा, असे संशोधन २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. भाजलेल्या मातीजवळ तेथे पायराइट या ठिणगी देणाऱ्या खनिजाचे तुकडे मिळाले. ते त्या परिसरात सहसा आढळत नाही.

हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वोंडरवेर्कचा विस्तव १० लाख वर्षांपूर्वीचा आणि ठिणगी पाडल्याचा हा पुरावा ४ लाख वर्षांपूर्वीचा. मधला काळ लाखो वर्षांचा आहे. या काळात विस्तव बहुतेक करून राखलेला, मागितलेला आणि दिलेला होता, असे मानण्यास जागा आहे. माणूस विस्तवाचा निर्माता होण्यापूर्वी दीर्घकाळ त्याचा राखणदार होता.

राख आणि राखणे

मराठीत ‘राख’ आणि ‘राखणे’ हे शब्द एकमेकांना लागून आहेत. ‘रक्षा’ या शब्दाला तर संरक्षण आणि भस्म असे दोन्ही अर्थ आहेत. निखाऱ्याला रात्रभर जिवंत ठेवते ती राखच.

विस्तव राखण्यासाठी काय लागते? सरपण आज गोळा करावे लागते, उद्यासाठी. म्हणजे उद्याचा विचार आला. रात्री कोणीतरी जागे राहावे लागते. म्हणजे बाकीच्यांनी त्याच्यावर विश्वास टाकणे आले. पावसात आडोसा करावा लागतो आणि मुक्काम हलविताना निखारा बरोबर न्यावा लागतो. शिकारीला जाऊ न शकणारी म्हातारी, लंगडणारा माणूस, लहान पोर यांनाही विस्तवाला काटकी घालता येते. अशा टोळीत दुबळ्यालाही काम आणि जागा मिळाली असेल.

अन्न शिजवू लागल्यावर माणसाचे शरीरच बदलले, असा सिद्धान्त रिचर्ड रँगम यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला. शिजलेले अन्न चावायला व पचवायला सोपे. त्यामुळे दात आणि आतडी लहान होऊ शकली व मेंदूला अधिक ऊर्जा मिळाली. आपल्या शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. रँगम सांगतात तितक्या जुन्या काळातले आगीचे ठोस पुरावे नाहीत, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो आणि तो वाजवी आहे. तरी एक गोष्ट उरतेच. कच्चे फळ जेथे सापडले तेथे एकट्याने खाता येते. शिजवायचे अन्न चुलीपाशी आणावे लागते, ते होईपर्यंत थांबावे लागते आणि तेवढा वेळ इतरांचे डोळे त्यावर असतात. वाटून खाणे किंवा हिसकावून घेणे यांतली निवड तेथे रोज करावी लागते.

चुलीभोवती बोलणेही बदलले असावे. आफ्रिकेतील कलहारीच्या वाळवंटातल्या जु/होआन्सी लोकांत पॉली विस्नर यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसा त्या लोकांचे बोलणे कामाधामाचे आणि तक्रारींचे असे; रात्री शेकोटीपाशी मात्र १०० पैकी ८१ संभाषणे गोष्टींची होती. डोळ्यांसमोर नसलेल्या माणसांविषयी बोलणे, गेलेल्यांची आठवण काढणे, अदृश्याचा विचार करणे या साऱ्याला विस्तवाने वेळ मिळवून दिला. प्रार्थनेलाही अशाच एखाद्या रात्री पहिला शब्द सापडला असेल.

परंतु येथेच थांबलो, तर विस्तवाचे गोड चित्र तेवढे काढल्यासारखे होईल. जो विस्तव राखतो, त्याला तो नाकारताही येतो. जो आपली चूल पेटवतो, त्याला दुसऱ्याचे घरही पेटवता येते. महाभारतात इंद्रप्रस्थ वसविण्यासाठी खांडववन जाळले गेले आणि त्यातल्या रहिवाशांपैकी मोजकेच वाचले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या दहनाकडे भक्तिभाव बाजूला ठेवून पाहिले आहे. नगर उभारण्यासाठी रान आणि रानातली माणसे जाळावीत काय, हा प्रश्न त्या कथेत धगधगत राहिला आहे. तोच प्रश्न घेऊन आता आपण शहापूर-मुरबाडच्या रानात येऊ.

राब

या दोन तालुक्यांत भातशेतीची सुरुवात विस्तवाने होते. रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेतकरी शेण पसरतो, त्यावर झाडांचा टहाळ आणि पालापाचोळा, त्यावर गवत आणि सर्वांवर बारीक मातीचा थर. फाल्गुन-चैत्रात, वारा पडलेला पाहून, हा राब वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवतात. वाऱ्याबरोबर पेटवला तर तो वरच्या वर भडकून जातो आणि बांधापलीकडेही जातो. उलट दिशेने पेटवला की सावकाश धुमसतो, माती भाजते, तणाचे बी मरते आणि राख जागच्या जागी राहते. पहिल्या पावसानंतर तेथे भात पेरतात. रोपे वाढली की आवणी होते.

विस्तव कसा राखावा याची सारी विद्या राबात आहे. किती जाळायचे, कोठपर्यंत, केव्हा आणि शेजाऱ्याच्या बांधाला झळ न लागता कसे, हे सारे ठरलेले. अर्थात राबाचेही मोल द्यावे लागते. त्यासाठी ऐनासारखी झाडे वर्षानुवर्षे छाटली गेली आणि जमिनीत कुजू शकणारा पाला धूर होऊन गेला. म्हणून आज गादीवाफ्यावर रोपे करण्याचा सल्ला दिला जातो. शेजारच्या रायगड जिल्ह्यात नेरळजवळ विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात तर चिखलणी व आवणीही टळते. राब सोडता येईल. राबातली मर्यादा मात्र सोडण्याजोगी नाही.

कातकऱ्यांचे विस्तवाशी नाते याहून जवळचे. त्यांचे नावच कातावरून पडले, असे १८८२ च्या ठाणे गॅझेटियरपासून सांगितले जाते. खैराचा गाभा तासून, त्याच्या कपच्या मडक्यांत उकळून, तो रस आटवून कात काढायचा, हे त्यांचे पिढीजात काम. आच किती ठेवायची आणि रस कधी उतरवायचा, हे हातालाच कळावे लागते. धूर करून मधमाश्या उठवाव्यात, बिळात धूर सोडून उंदीर बाहेर काढावेत, ही कसबे त्यांच्याकडे आजही आहेत. विस्तवाविषयीचे इतके बारीक ज्ञान असलेला हा समाज आज महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समाजांपैकी एक गणला जातो. हे कसे घडले?

विस्तव गुन्हा ठरतो

१८७८ च्या जंगल कायद्याने रानाचे मोठे भाग राखीव केले आणि तेथे आग लावणे व विस्तव नेणे यांवर निर्बंध घातले. खैर सरकारी झाला, कातकऱ्याचा कात अवघड झाला आणि राबासाठी टहाळ तोडणाराही अपराधी ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून एवढ्या तक्रारी उठल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला; १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. पुढे १९२७ चा कायदा झाला. त्याच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला आणि ७९ व्या कलमाने जंगलात हक्क उपभोगणाऱ्यांवर व तेथे काम करणाऱ्यांवर वणवा विझविण्यास मदत करण्याचे बंधन घातले. रानाशी ज्याचा रोजचा संबंध, त्याचे विझविणारे हात कायद्याला हवे होते. त्याच हातांना विस्तव राखता येतो, हे कायद्याने विचारात घेतले नाही.

वणव्याने होणारी हानी खोटी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. फाल्गुन ते वैशाख या काळात तानसा अभयारण्यात किंवा माळशेजच्या उतारांवर आग लागली की रोपटी जातात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी जातात, पाचोळ्याचा थर जातो आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्यांत उतरते. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तो विस्तव कधी कधी हाताबाहेर जातो. कोणी नव्या गवतासाठी आग लावतो, कोणी शिकारीसाठी. शहरातून गडावर आलेल्या सहलीकराची विडी किंवा न विझवलेली चूलही तेवढेच करते. पण वणवा पेटला की पहिला संशय जवळच्या वाडीवर जातो. ज्याला विस्तवाची सर्वांत जास्त जाण आहे, त्याच्यावरच सर्वांत कमी विश्वास, असा हा उलटा व्यवहार आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या व्यवहाराला दुसरी दिशा दिली. सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा हक्क या कायद्याने गावाला दिला आणि ग्रामसभेवर जबाबदारीही टाकली. वन खाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते. तीच रेषा ग्रामसभेच्या विचाराने काढली गेली, पाचोळा पेटविण्याऐवजी झाडून एकत्र केला गेला, तर कायदा आणि कसब प्रथमच एका बाजूला येतील. राखणदारी ही सोपवावी लागते. ती शिक्षेच्या भीतीने उत्पन्न होत नाही.

भट्टी

विस्तवाचे सर्वांत कठीण रूप या मुलखात वीटभट्टीवर दिसते. दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या होऊ लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, वाडा या तालुक्यांतल्या भट्ट्यांवर जातात आणि तेथे पेंढ्याच्या नाही तर प्लास्टिकच्या भोंग्यांत राहतात. रात्रीच माती तुडवायला घेतात, उजाडेपर्यंत विटा थापतात, वाळवतात, वाहतात, भट्टी रचतात. जळण म्हणून कोळसा आणि भाताचे तूस वापरतात. तूस त्याच भाताचे, जो याच हातांनी आवला होता.

बांधणी विस्तवाची नसते, बयाण्याची असते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कोणी आजारी पडते, कोणाचे लग्न निघते; तेव्हा मालकाकडून आगाऊ उचल घेतली जाते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, हजार विटांमागे मजुरी ठरते आणि हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. त्यात उचल, खर्ची आणि कधी अवकाळी पावसाने भिजलेल्या कच्च्या विटांचे नुकसान वजा होते. पुष्कळदा हाती काही उरत नाही, उलट देणे राहते आणि ते पुढच्या वर्षावर जाते. मुले बरोबर असतात. त्यांची शाळा दिवाळीला सुटते ती सुटतेच. जुन्या काळी लग्नाच्या कर्जापायी राबणाऱ्याला या जिल्ह्यात ‘लग्नगडी’ म्हणत. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने नष्ट झाली. तिच्या सावलीत वाढलेला हा व्यवहार मात्र उरला. सर्वच भट्टीमालक सारखे नसतात, हेही खरे. कित्येक जण स्वतः कर्जात असतात. परंतु व्यवस्थेचा भार शेवटी ज्याच्या पाठीवर येतो, त्याला मालकाच्या चांगुलपणावर विसंबून राहावे लागणे, हाच त्या व्यवस्थेचा दोष आहे.

या अंधारात काहींनी काम केले. वसई तालुक्यात वेठबिगारांच्या मुक्तीच्या कामातून उभी राहिलेली श्रमजीवी संघटना आणि भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसदेने सुरू केलेल्या भोंगाशाळा आपल्या वाचकांना परिचित असतील. भोंग्याच्या दारी शाळा आली, हे विस्तव नेऊन देण्यासारखेच होते.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे पाहू. भट्टीवर जाळ मोठा असतो, दहा-वीस माणसे त्याच्याभोवती असतात, ती त्याला भरवतात आणि राखतातही. तरीही तेथे ‘विस्तव जात नाही.’ त्या जाळाने भाजलेली वीट शहराकडे जाते. त्याची ऊब, त्याचा नफा, त्याच्या भिंतींचा आडोसा भट्टीवाल्या माणसाकडे परत येत नाही. लाखो वर्षांपूर्वी विस्तवाने दुबळ्याला टोळीत जागा करून दिली. येथे त्याच विस्तवाभोवती दुबळ्याची जागा हिरावली जाते.

दोन शेकोट्या

पवित्र शास्त्रात विस्तव अनेकदा येतो. मोशेला तो झुडपात दिसतो आणि झुडूप जळत नाही. एलियाला मात्र देव अग्नीत भेटत नाही, मंद वाणीत भेटतो. अग्नी म्हणजे देव नव्हे, ही सूचना त्यात आहे. अब्राहाम मोरियाच्या डोंगरावर चढताना विस्तव हाती घेऊन जातो, राखलेला आणि वाहून नेलेला. लेवीय ग्रंथात वेदीवरचा अग्नी विझू देऊ नये, अशी याजकांना आज्ञा आहे. आणि उत्पत्तीच्या ग्रंथात माणसाला बाग दिली जाते, ती मशागत करण्यासाठी आणि राखण्यासाठी. राखणदारी हा माणसाला मिळालेला पहिला हुद्दा आहे.

तथापि आमच्या विषयाला सर्वांत जवळच्या आहेत त्या संत योहानाच्या शुभवर्तमानातल्या दोन शेकोट्या. कोळशाच्या विस्तवासाठी असलेला मूळ ग्रीक शब्द नव्या करारात केवळ दोनच ठिकाणी येतो आणि ती दोन्ही ठिकाणे याच शुभवर्तमानात आहेत. पहिली शेकोटी प्रमुख याजकाच्या अंगणात. रात्र थंडीची आहे, चाकर आणि शिपाई शेकत उभे आहेत, पेत्रही त्यांच्यात जाऊन शेकतो. जवळच एका निरपराध माणसाची चौकशी चालली आहे, त्याच्या तोंडावर मारले जात आहे. पेत्र त्या माणसाला ओळखत नसल्याचे सांगतो आणि ऊब घेत राहतो.

दुसरी शेकोटी गालीलच्या, म्हणजे तिबिर्याच्या सरोवराकाठी. रात्रभर रिकामी गेलेली जाळी पहाटे भरली आहेत. काठावर कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, भाकर आहे. हा विस्तव पुनरुत्थित प्रभूने स्वतः पेटविला आहे आणि दमून आलेल्यांना तो न्याहारीला बोलावतो. त्याच विस्तवापाशी पेत्राला तीनदा प्रीतीविषयी विचारले जाते आणि मेंढरे त्याच्या राखणीत सोपवली जातात. त्याच सरोवराच्या उत्तरेस, यार्देनकाठी, ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी कोणा अनाम हातांनी मासे शिजविले होते, हे आज आपल्याला कळले आहे. मानवाच्या अतिप्राचीन कामांतले एक काम पुनरुत्थित ख्रिस्ताने आपल्या हाती घेतले, हा विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो.

या दोन शेकोट्या प्रत्येक काळात पेटलेल्या असतात. पहिलीपाशी उभे राहून ऊब घेणाऱ्याने काही वाईट केलेले नसते. त्याने विस्तव लावला नाही, निरपराध्याला मारले नाही. तो फक्त शेकत असतो आणि जे चालले आहे त्याच्याशी आपला संबंध नाही, असे सांगत असतो. आपण ज्या घरांत राहतो, ज्या चर्चमध्ये व शाळांत जातो, त्यांच्या भिंतींतली वीट कोणत्या भट्टीत भाजली आणि ती थापणाऱ्याचा हिशेब पुरा झाला काय, हा प्रश्न म्हणूनच उपरा नाही. शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे याकोबाच्या पत्रात आहे. विटेलाही तोच न्याय लागू पडतो.

यावर कोणी म्हणेल, एका ग्राहकाने विचारल्याने काय होणार? एका निखाऱ्याने काय होते, तेच. बांधकाम काढणाऱ्या एखाद्या धर्मग्रामाने वीट घेताना मजुरीची चौकशी करावी, दरात त्यासाठी थोडे अधिक मोजण्याची तयारी ठेवावी, भट्टीवरच्या मुलांची नावे जवळच्या शाळेत लागली आहेत काय ते पाहावे. आणि वाडीतल्या कुटुंबाला श्रावण-भाद्रपदात बयाण्यावाचून निभावता येईल असा धान्यकोश किंवा बचतगट उभा राहण्यास साह्य करावे. उचल घेण्याची वेळ पावसाळ्यात येते, म्हणून मदतही पावसाळ्यातच पोहोचली पाहिजे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे सामाईक घर म्हटले. सामाईक घरात एक चूल पेटती आणि दुसरी थंड राहू शकत नाही.

पवित्र शनिवारच्या रात्री चर्चबाहेर नवा विस्तव पेटवतात आणि त्यावर आशीर्वाद मागतात. त्यावरून पास्काची मेणबत्ती लागते, तिच्यावरून पहिल्या रांगेतली आणि मग शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे ज्योत सरकत मागच्या दारापर्यंत जाते. ज्योत वाटली तरी उणी होत नाही, ही गोष्ट त्या रात्रीच्या स्तुतिगीतातही येते. ती मराठी बाईला चुलीपाशीच कळली होती. त्या रात्री विस्तव कोणाचा, असे कोणी विचारत नाही. शेजारच्याची मेणबत्ती लागली की नाही, एवढेच पाहतो.